‘अनरियल टुर्नामेंट’ का मावळला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाडा आणि पाचपाखाडीच्या परिसरात आम्ही काही जण अधूनमधून जुन्या संगणकीय गेमच्या लॅन बैठका, म्हणजे एका जागी संगणक केबलने जोडून खेळण्याच्या बैठका, भरवतो. तिथे सर्वांत जास्त खेळला जाणारा गेम म्हणजे १९९९ सालचा, वेगवान नेमबाजीचा ‘अनरियल टुर्नामेंट’ आहे. पहिल्यांदा येणारी मुले, ज्यांतील बरीचशी या गेमपेक्षा वयाने लहान असतात, तासभर खेळून झाल्यावर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: इतका चांगला गेम होता, तर मग तो कुठे गेला? त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही आणि इंटरनेटवर मिळणारी तयार उत्तरे बहुधा अर्धवट असतात, म्हणून बैठकांत वारंवार निघणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

या मालिकेत नेमके कोणते गेम येतात?

मूळ ‘अनरियल’ मे १९९८ मध्ये आला. एपिक मेगागेम्स आणि कॅनडातील डिजिटल एक्स्ट्रीम्स या दोन कंपन्यांनी मिळून तो बनवला होता. तो मुख्यतः एकट्याने खेळायचा, कथानक असलेला गेम होता. त्याला जोडून एक पुरवणी काढण्याचे काम सुरू झाले, ती पुरवणी वाढत वाढत स्वतंत्र गेम झाली, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये ती ‘अनरियल टुर्नामेंट’ या नावाने बाजारात आली. त्यानंतर २००२ मध्ये ‘अनरियल टुर्नामेंट २००३’, मार्च २००४ मध्ये ‘अनरियल टुर्नामेंट २००४’ आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ‘अनरियल टुर्नामेंट ३’ आले. मध्यंतरी, २००३ मध्ये, लेजंड एंटरटेनमेंटने बनवलेला ‘अनरियल २’ आला. एक्सबॉक्ससाठी ‘अनरियल चॅम्पियनशिप’ या नावाचे दोन गेमही निघाले. २०१४ मध्ये एक नवा, पूर्णपणे मोफत गेम जाहीर झाला, जो कधीच पूर्ण झाला नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण या प्रकरणातील सर्वांत दुखरी जागा तीच आहे.

१९९९ च्या गेममध्ये एवढे विशेष काय होते?

पहिली गोष्ट म्हणजे बॉट. स्टीव्ह पोल्ज या प्रोग्रामरने ‘क्वेक’ या नेमबाजीच्या गेमसाठी ‘रीपर बॉट’ नावाचा संगणकीय प्रतिस्पर्धी बनवला होता. एपिकने त्याला नोकरीवर घेतले आणि त्याच्या हातून जे बॉट तयार झाले, ते त्या काळातील सर्वोत्तम होते. ते केवळ नेम धरत नसत, तर झेंडा पळवत, बचावासाठी मागे थांबत आणि दिलेला हुकूम पाळत. ‘नॉव्हिस’ पासून ‘गॉडलाइक’ पर्यंत त्यांच्या कौशल्याच्या आठ पायऱ्या होत्या. ज्याच्या घरी इंटरनेट नव्हते, त्या मुलालासुद्धा या बॉटमुळे भरलेल्या मैदानात खेळल्याचा अनुभव मिळत असे, आणि १९९९–२००० मध्ये आपल्याकडील बहुतेक घरांत तशीच परिस्थिती होती.

दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रे. त्यांतील जवळजवळ प्रत्येक शस्त्राला दोन प्रकारे गोळीबार करता येतो, आणि दोन्ही प्रकारांमागे वेगळा विचार आहे. शॉक रायफलचे उदाहरण घ्यावे. एका बटणाने सरळ किरण सुटतो, दुसऱ्याने हळू सरकणारा गोळा सुटतो. आणि त्या हवेतल्या गोळ्यावर किरणाने नेम साधला, तर मोठा स्फोट होतो. हे करायला जमले की खेळाडू कोपऱ्यापलीकडे गोळा सोडतो, शत्रू तिथे केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधतो आणि बरोबर त्याच क्षणी तो फोडतो. माझ्या मते नेमबाजीच्या गेममध्ये याहून सुंदर कल्पना क्वचितच कोणाला सुचली असेल. फ्लॅक कॅननचे तापलेले तुकडे भिंतीवर आपटून उसळतात, ट्रान्सलोकेटरची चकती फेकून तिच्या जागी क्षणात पोहोचता येते, आणि ‘इन्स्टागिब’ प्रकारात एका फटक्यात बाद होण्याचा नियम असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मैदाने, म्हणजेच मॅप. अवकाशात तरंगणाऱ्या खडकावर समोरासमोर उभे असलेले दोन मनोरे, मध्ये उघडी वाट आणि दोन्ही मनोऱ्यांवर टपून बसलेले स्नायपर, असा ‘फेसिंग वर्ल्ड्स’ ज्याने एकदा खेळला तो विसरत नाही. ‘मॉर्फियस’मध्ये गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे गगनचुंबी इमारतींच्या छपरांवरून लांबच लांब उड्या मारता येतात. ‘असॉल्ट’ प्रकारात एक संघ चढाई करतो आणि दुसरा बचाव. त्यातील ‘हाय स्पीड’ हा मॅप धावत्या रेल्वेगाडीवर घडतो.

आणि चौथी गोष्ट, जी पुढच्या सगळ्या चर्चेसाठी सर्वांत महत्त्वाची आहे: हे सारे बदलता येत होते. ज्या साधनाने एपिकने मॅप बनवले, ते ‘अनरियलएड’ संपादक गेमसोबतच मिळत असे. नियमांत छोटे फेरफार करणारी ‘म्युटेटर’ नावाची सोय होती, आणि ‘अनरियलस्क्रिप्ट’ ही भाषा शिकून कोणीही अख्खा नवा खेळ रचू शकत होते. आमच्या ओळखीच्या काही जणांनी प्रोग्रामिंगचे पहिले धडे महाविद्यालयात नव्हे, तर या स्क्रिप्टमध्ये गिरवले.

ठाणे आणि नवी मुंबईत हा गेम खरोखर खेळला जात होता का?

होय, पण त्याचे स्वरूप युरोप-अमेरिकेपेक्षा निराळे होते. तिकडे हा गेम इंटरनेटवर वाढला. आपल्याकडे तो लॅनवर वाढला. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही एमटीएनएलच्या मुंबई विभागात येत असत, आणि डायल-अपच्या काळात परदेशी सर्व्हरशी जोडून वेगवान नेमबाजी खेळणे जवळजवळ अशक्य होते. पुढे ब्रॉडबँड आले तरी युरोपातील सर्व्हरपर्यंतचे पिंग (संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहून अधिक असायचे. शॉक रायफलचा गोळा फोडण्यासाठी लागणारा क्षण या विलंबातच हरवून जातो. त्यामुळे खरा खेळ रंगायचा तो नौपाडा, वर्तकनगर, वाशी, नेरूळ अशा ठिकाणच्या तासावर पैसे घेणाऱ्या सायबर कॅफेंत, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत.

या गेमला पेंटियमचा २०० मेगाहर्ट्‌झ प्रोसेसर आणि ३२ एमबी मेमरी पुरत असे, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले तरी तो चालत असे. कार्यालयाने काढून टाकलेल्या संगणकावरही चालणारा गेम म्हणून कॅफेवाल्यांना तो परवडायचा. मात्र हेही नोंदवले पाहिजे की आपल्या कॅफेंचा अनभिषिक्त राजा ‘काउंटर-स्ट्राइक’ हाच होता. ‘अनरियल टुर्नामेंट’ त्याच्या फेऱ्यांच्या मध्ये खेळला जायचा: कोणी यायचे बाकी असले, संघ पुरे होत नसले की. त्याचा चाहतावर्ग लहान होता, पण अत्यंत निष्ठावान होता.

उतरणीला सुरुवात कधी झाली?

बहुतेक लोक २००७ चे साल सांगतात. आमच्या मते पहिली भेग २००२ मध्येच पडली. ‘अनरियल टुर्नामेंट २००३’ दिसायला अतिशय देखणा होता, परंतु त्यातून लोकप्रिय ‘असॉल्ट’ प्रकार काढून टाकला होता, आणि हालचालींचा पाया बदलला होता. दुहेरी उडी आली, उडी आणि झटकन बाजूला झेपावणे यांचा मेळ घालून मैदानभर भिरभिरता येऊ लागले, आणि ‘अॅड्रिनॅलिन’ साठवून विशेष शक्ती वापरता येऊ लागली. ज्यांना हे आवडले ते नव्या गेमकडे गेले. ज्यांना आवडले नाही ते जुन्यातच राहिले. म्हणजे खेळाडूंची संख्या वाढण्याऐवजी तिची वाटणी झाली, आणि पुढच्या प्रत्येक भागाने हीच वाटणी पुन्हा केली. २००८ च्या सुमारास एकाच मालिकेचे चाहते तीन-चार वेगवेगळ्या गेममध्ये विखुरलेले होते. ‘काउंटर-स्ट्राइक’चे चाहतेही १.६ आणि ‘सोर्स’ यांत विभागले गेले होते, पण त्यांची मूळ संख्याच इतकी मोठी होती की विभागणी त्यांना सोसली. या मालिकेला ती सोसली नाही.

पण २००४ चा भाग तर अनेकांना सर्वोत्तम वाटतो ना?

वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. त्यात ‘असॉल्ट’ परत आले, २००३ मधील जवळजवळ सर्व मॅप आणि खेळप्रकार आत समाविष्ट झाले, आणि वाहने घेऊन मोठमोठ्या मैदानांवर खेळायचा ‘ऑनस्लॉट’ हा नवा प्रकार मिळाला. सहा सीडींवर येणारा हा गेम कॅफेच्या प्रत्येक संगणकावर चढवताना अख्खी दुपार जात असे. ‘ऑनस्लॉट’च्या कामात सायऑनिक्स नावाच्या छोट्या कंपनीचा हात होता. याच कंपनीने पुढे ‘रॉकेट लीग’ बनवला, आणि २०१९ मध्ये एपिकने ती कंपनीच विकत घेतली.

याच काळात ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साहाय्याने एपिकने ‘मेक समथिंग अनरियल’ ही दहा लाख डॉलरची मॉडची, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेल्या खेळांची, स्पर्धा घेतली. तिची विजेती ठरलेली ‘रेड ऑर्केस्ट्रा’ बनवणाऱ्या मंडळींनी ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह ही कंपनी उभारली; ‘किलिंग फ्लोअर’चा उगमही २००४ च्या या गेमवरील मॉडमध्येच आहे. मालिकेचे वैभव सर्वोच्च होते ते याच वेळी. फक्त एक गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही: सर्वांत हुशार चाहते हा गेम खेळता खेळता तो सोडून स्वतःचे गेम बनवायला निघाले होते. त्यांच्यासाठी ते चांगलेच झाले, पण मालिकेला मात्र मॅप आणि मॉड यांचा जो झरा लागत होता, तो इथून आटत गेला.

‘अनरियल टुर्नामेंट ३’ का चालला नाही?

याची कारणे अनेक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण वेळेचे. सप्टेंबर २००७ मध्ये ‘हेलो ३’ आला, ऑक्टोबरमध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’ आला, आणि नोव्हेंबरमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ व ‘क्रायसिस’ आले. नेमबाजीच्या गेमसाठी इतका गर्दीचा हंगाम त्यापूर्वी क्वचितच झाला असेल, आणि ‘अनरियल टुर्नामेंट ३’ नेमका त्याच नोव्हेंबरमध्ये बाजारात उतरला.

दुसरे कारण त्याच्या घडणीचे. त्याच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर २००६ मध्ये, एपिकचा ‘गिअर्स ऑफ वॉर’ एक्सबॉक्स ३६० वर प्रचंड गाजला होता, आणि त्याची छाया नव्या गेमवर स्पष्ट दिसत होती: जाडजूड चिलखते, करडा-तपकिरी रंग, कन्सोलवर शोभतील पण संगणकावर अडखळायला लावतील असे मेन्यू. १९९९ च्या गेममध्ये सर्व्हरची यादी, मॅपची क्रमवारी, म्युटेटर हे सारे समोर दिसत असे. इथे त्यांतील बरेच काही लपलेले किंवा अपुरे होते. लिनक्सवर खेळता येईल असे सांगितले गेले होते, पण ती आवृत्ती आलीच नाही. संगणकावरच्या खेळाडूंनी ही मालिका मोठी केली होती, आणि त्यांना पहिल्यांदाच असे वाटले की हा गेम आपल्यासाठी बनवलेला नाही.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ मध्ये प्रत्येक सामन्यागणिक गुण साठत जात, नवी शस्त्रे उघडत, बढती मिळे. हरणाऱ्यालाही घरी नेण्यासारखे काही मिळत असे. ‘अनरियल टुर्नामेंट’मध्ये पहिल्या सामन्यापासून मैदानातील सर्व शस्त्रे सर्वांना खुली असतात, जिंकायचे ते फक्त कौशल्यावर. ही समता मला आजही अत्यंत उदात्त वाटते. पण नव्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर पंचवीस वेळा मरून शून्य गुण मिळवलेल्या सामन्यानंतर पुन्हा येण्याचे कारण त्याला गेमने द्यायला हवे होते, आणि ते दिले गेले नाही. कॅफेत शेजारच्या खुर्चीवरचा दादा खांद्यावर हात ठेवून ‘अरे, पायाकडे मार रॉकेट, अंगावर नको’ असे सांगत असे. ऑनलाइन सर्व्हरवर तो दादा नव्हता, आणि जुळत्या कौशल्याचे प्रतिस्पर्धी शोधून देणारी चांगली व्यवस्थाही नव्हती.

मार्च २००९ मध्ये ‘टायटन पॅक’ ही मोठी मोफत पुरवणी देऊन एपिकने बरेच काही सुधारले. तोपर्यंत सर्व्हर रिकामे झाले होते.

प्रकाशक मिडवे बुडाल्यामुळे मालिका थांबली का?

नाही. मिडवेने फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला हे खरे, पण मालिकेचे हक्क एपिककडेच होते. पुढचा भाग काढण्यापासून एपिकला कोणी अडवलेले नव्हते.

लोकांना इतका वेगवान खेळ नकोसा झाला, हे खरे कारण नव्हे का?

हे उत्तर सर्वाधिक ऐकू येते, आणि त्याला पुरावेही दिले जातात. ‘क्वेक चॅम्पियन्स’ मर्यादित राहिला. मालिकेचे एक प्रमुख रचनाकार क्लिफ ब्लेझिन्स्की यांनी स्वतंत्र कंपनी काढून ऑगस्ट २०१७ मध्ये आणलेला ‘लॉब्रेकर्स’ सप्टेंबर २०१८ मध्ये बंदच करावा लागला. ‘टॉक्सिक’, ‘रिफ्लेक्स’, ‘डायबोटिकल’ हे चाहत्यांच्या भावनेला साद घालणारे गेमही मोठे झाले नाहीत.

तरीही हे स्पष्टीकरण पुरेसे नाही असे आमचे मत आहे. २०१६ चा ‘डूम’ अत्यंत वेगवान होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘एपेक्स लेजंड्स’मधील हालचाल संथ म्हणता येणार नाही. लोक वेगाला कंटाळले नव्हते. त्यांना एकट्याने सतत मार खाण्याचा कंटाळा आला होता. पाच जणांच्या संघात हरलो, तर दोष वाटून घेता येतो. समोरासमोरच्या ‘डेथमॅच’मध्ये, जिथे प्रत्येक जण एकटा लढतो, हरलो, तर सगळे स्वतःकडेच येते. ही अडचण खरी आहे, पण ती सोडवता न येण्याजोगी नाही. ती सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारी आणि त्या कामावर पैसा लावणारी कंपनी मात्र पाठीशी लागते.

मग २०१४ च्या मोफत गेमचे काय झाले?

मे २०१४ मध्ये एपिकने जाहीर केले की नवा ‘अनरियल टुर्नामेंट’ मोफत असेल, तो अनरियल इंजिन ४ वर (गेम ज्यावर उभा राहतो त्या एपिकच्या मूळ सॉफ्टवेअरवर) बनेल, आणि पहिल्या ओळीपासून चाहत्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या सहभागाने घडेल. सोर्स कोडही, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रामही, पाहण्यासाठी खुला होता. मॅप, वेशभूषा आणि इतर वस्तू चाहत्यांनी बनवाव्यात, त्या बाजारपेठेत विकाव्यात आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, अशी योजना होती. आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंनी कित्येक वर्षांनी एकमेकांना फोन केले ते या बातमीमुळे.

जे बनले ते अपुरे होते, पण उत्तम होते. हालचाल १९९९ आणि २००४ यांच्या मधली, समतोल साधणारी होती; ‘आउटपोस्ट २३’ सारखे पूर्ण रंगरूप दिलेले मॅप आजही डोळ्यांत भरतात. मात्र बहुतेक मॅप करड्या ठोकळ्यांच्या अवस्थेतच राहिले, नवशिक्यांना हात धरून आत आणणारा भाग कधी पुरा झाला नाही, आणि त्यावर काम करणारा संघ लहानच राहिला. २०१७ च्या उत्तरार्धापासून सुधारणा येणे थांबले. कंपनीने काही सांगितले नाही. चाहते वाट पाहत राहिले. अखेर डिसेंबर २०१८ मध्ये काम थांबल्याची कबुली मिळाली.

बंद करण्याइतकेच हे वर्षभराचे मौन आम्हाला चुकीचे वाटते. ज्यांनी नोकऱ्या सांभाळून रात्री जागून त्या गेमसाठी मॅप बनवले, त्यांना एक स्पष्ट वाक्य आधीच मिळायला हवे होते.

म्हणजे ‘फोर्टनाइट’ने ही मालिका संपवली?

एपिकच्याच ‘फोर्टनाइट’ने शेवटचा घाव घातला, एवढेच म्हणता येईल. त्याचा बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा प्रकारचा) भाग सप्टेंबर २०१७ मध्ये आला आणि त्याने कमाईचे सर्व अंदाज मोडीत काढले. कंपनीतील माणसे तिकडे वळवली गेली. एपिकचाच ‘पॅरागॉन’, ज्यावर कितीतरी अधिक खर्च झाला होता, एप्रिल २०१८ मध्ये याच लाटेत बंद झाला. पण ‘फोर्टनाइट’ आला नसता तर नवा ‘अनरियल टुर्नामेंट’ तगला असता असे मानायला आधार कमी आहे. तो मुळातच कंपनीच्या प्राधान्यक्रमात खाली होता.

खाली का होता? नाव तर कंपनीचे सर्वांत प्रसिद्ध होते.

आमच्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली इथे आहे. ‘अनरियल’ हे एका गेमचे नाव होते, तसेच ते त्या गेमच्या आतील इंजिनाचेही नाव होते. पहिल्या दिवसापासून एपिक ते इंजिन इतर कंपन्यांना परवान्यावर देत असे. २००० सालचा ‘डेअस एक्स’ त्याच्यावर बनला. ‘अनरियल टुर्नामेंट’चा प्रत्येक भाग हा एका अर्थाने त्या इंजिनाचे सर्वांसमोर मांडलेले प्रात्यक्षिक होता: एवढा प्रकाश, एवढी मोठी मैदाने, एवढे खेळाडू एकाच वेळी, आणि हे सर्व तुम्हालाही बनवता येईल. जोपर्यंत इंजिन विकण्यासाठी प्रात्यक्षिकाची गरज होती, तोपर्यंत मालिकेला पैसा आणि माणसे मिळाली. २००६ नंतर ते काम ‘गिअर्स ऑफ वॉर’ अधिक जोमाने करू लागला. मार्च २०१४ मध्ये इंजिन महिना १९ डॉलर आणि उत्पन्नातील ५ टक्के वाटा या अटींवर सर्वांना खुले झाले, मार्च २०१५ मध्ये मासिक शुल्कही गेले. आता जगभरातील हजारो गेमच त्याचे प्रात्यक्षिक झाले.

‘पबजी’ याच इंजिनावर बनला, त्याची मोबाइल आवृत्ती आणि नंतरचा ‘बीजीएमआय’ही त्याच्यावरच, आणि ‘व्हॅलोरंट’ही. ठाणे स्थानकावर गाडीची वाट पाहताना ‘बीजीएमआय’ खेळणारा मुलगा नकळत त्याच घराण्यातील खेळ खेळत असतो. मूळ मालिका हरली ती कोणा प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे. तिच्या मालकांना तिची गरज उरली नाही आणि तिच्यावाचून त्यांचे काहीच अडले नाही.

आपल्याकडे ती इतरत्रापेक्षा लवकर का विसरली गेली?

कारण आपल्याकडे ती लॅनवर उभी होती आणि लॅनच नाहीशी झाली. घरोघरी ब्रॉडबँड आल्यावर कॅफे बंद पडत गेले. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटामुळे खेळच फोनवर गेला. ज्या गेमचे सर्व्हर मुंबईत आले, ते टिकले. या मालिकेसाठी मुंबईत सर्व्हर ठेवण्याची वेळ येईपर्यंत तिच्यामागे कोणीच उभे नव्हते.

२०२३ मध्ये नेमके काय बंद झाले?

डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने मालिकेतील जुने गेम दुकानांतून काढले, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या ऑनलाइन सेवा थांबवल्या. जुन्या सेवा सोडून सर्व काही नव्या एकत्रित प्रणालीवर न्यायचे आहे, असे कारण देण्यात आले. ज्यांनी गेम आधीच विकत घेतले होते, त्यांना ते उतरवून घेता येतात, आणि बॉटविरुद्ध किंवा लॅनवर खेळता येतात. पण नव्या माणसाला ते विकत घेण्याचा सरळ मार्ग राहिला नाही, आणि एका मोठ्या कंपनीने आपल्याच इतिहासाशी असे वागणे आम्हाला खटकते.

आज हा गेम रीतसर मिळतो का?

मिळतो, आणि त्याचे श्रेय चाहत्यांना आहे. ‘ओल्डअनरियल’ या नावाने काम करणाऱ्या चाहत्यांच्या गटाला एपिकने जुन्या गेमच्या सोर्स कोडवर काम करण्याची मुभा दिली, आणि त्यांनी १९९९ च्या गेमसाठी ४६९ क्रमांकाचा पॅच, म्हणजे सुधारणांचा संच, तयार केला. त्यामुळे तो आजच्या विंडोज, लिनक्स आणि मॅकवर सुरळीत चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ ‘अनरियल’ आणि ‘अनरियल टुर्नामेंट’ इंटरनेट आर्काइव्हवरून उतरवून घेण्याचे दुवे देण्याची परवानगीही एपिकने या गटाला दिली. सर्व्हरची यादी पुरवणारे मास्टर सर्व्हरही आता चाहतेच चालवतात. त्यामुळे चोरीच्या सीडीच्या प्रती हातोहात फिरवण्याची पूर्वीची सवय आता सोडून द्यावी.

नवा भाग येईल का?

कोणतीही घोषणा झालेली नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.

कोणत्या भागापासून सुरुवात करावी?

१९९९ च्या भागापासून. सरावासाठी बॉटची तिसरी पायरी निवडावी, ‘डेक १६’ हा मॅप घ्यावा, आणि पहिले काही सामने केवळ फ्लॅक कॅनन वापरून खेळावेत. वाहने आवडत असतील, तर त्यानंतर २००४ चा भाग.

सोसायटीत लॅन बैठक भरवायची असल्यास काय लागते?

फारसे काही नाही. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच, तेवढ्या केबल, आणि मागच्या दहा-बारा वर्षांतील कोणतेही लॅपटॉप चालतात. वाय-फायवर खेळू नये. भिंतीपलीकडच्या दहा राउटरच्या गर्दीत पिंग सतत उडी मारते. सर्व संगणकांवर पॅचची एकच आवृत्ती असावी, नाहीतर जोडणीत अडचण येऊ शकते. सर्व्हर म्हणून वापरलेल्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्यावी. यूडीपीचा ७७७७ क्रमांकाचा पोर्ट तो वापरतो. यादीत सर्व्हर दिसत नसेल, तर गेममधील कन्सोलमध्ये (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत) ‘ओपन’ लिहून पुढे त्या संगणकाचा आयपी पत्ता दिला की थेट आत जाता येते.

क्लब हाउसचा हॉल घेणार असाल, तर समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि विजेच्या भाराची चौकशी आधी करावी, कारण एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सर्व चार्जर लावले की एमसीबी पडतो. स्पीकर लावू नयेत, प्रत्येकाने हेडफोन आणावेत. नवख्या खेळाडूंना पहिल्या तासात जुन्या खेळाडूंच्या विरुद्ध उभे करू नये. दोघांना एका संघात घालून समोर बॉट ठेवावेत, आणि बॉटची पायरी दर सामन्यागणिक एकेक करून वाढवावी.